उड्डाण नाकारणाऱ्याच्या पाठीशी कोण?

15 जून 2025 च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेलं एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळलं. आतले सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक जोडपं होतं आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी. हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिक लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेला होता. बातमी आली तेव्हा टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत एकच प्रश्न ऐकू येत होता : "अहो, मिलिटरीचा पायलट, इतका अनुभवी, तरी असं कसं झालं?"

मला हा प्रश्न चुकीच्या पत्त्यावर गेलेला वाटतो. त्या सकाळी कॉकपिटमध्ये नेमकं काय घडलं ते शोधणं तपासयंत्रणेचं काम. त्या वैमानिकाची बाजू घ्यायला किंवा त्याला दोष द्यायला मी बसलेलो नाही. पण मिलिटरीचा अनुभव माणसाच्या मनगटात असतो आणि तो नोकरी बदलला की त्याच्याबरोबर मुकाट जातो, ही समजूत मला पटत नाही. त्यातला अर्धा तरी अनुभव त्याच्या युनिटमध्ये मागे राहतो. सरकार या माणसांना पंधरा-वीस वर्षं घडवतं आणि मग अशा बाजारात सोडून देतं, जिथे त्यांच्या हाताला मागणी आहे पण त्यांच्या नकाराला जागा नाही. या वैमानिकांसाठी सरकारने स्वतःची सार्वजनिक हेलिकॉप्टर सेवा उभारावी, रुग्णांसाठी आणि आपत्तीसाठी, असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगतो.

सैन्यातला हेलिकॉप्टर वैमानिक करतो काय, याची आपल्याला कल्पना कमी असते. लढाऊ विमानाच्या वैमानिकाचं चित्र डोळ्यासमोर येतं, याचं येत नाही. 13 एप्रिल 1984 ला सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हा पहाटे साडेपाचच्या सुमारास कॅप्टन संजय कुलकर्णी आणि एक जवान यांना घेऊन पहिलं हेलिकॉप्टर बिलाफोंड ला खिंडीकडे निघालं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की पात्यांना पकडायला काही मिळत नाही, म्हणून एका फेरीत माणसं अगदी मोजकी. दुपारपर्यंत अशा 17 फेऱ्या झाल्या. मग हिमवादळ उठलं आणि फेऱ्या थांबल्या. शेजारची सिया ला खिंड ताब्यात घ्यायला 17 एप्रिल उजाडला. देशाच्या सीमेचा प्रश्न होता, पलीकडून पाकिस्तानी तुकड्या त्याच खिंडींवर डोळा ठेवून होत्या, तरी हवा बिघडल्यावर थांबले. मेघदूतचं कौतुक करताना आपण त्या 17 फेऱ्या सांगतो, मधले थांबलेले दिवस सांगत नाही.

तेव्हापासून आजवर तिथल्या चौक्या जगतात त्या चीता नावाच्या छोट्या हेलिकॉप्टरवर. मूळ फ्रेंच बनावटीचं, एका इंजिनाचं, 1969 मध्ये पहिल्यांदा उडालेलं. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते परवान्यावर बनवलं. सगळ्यात उंच चौकीवर जाताना त्यात सामान किती मावतं? रॉकेलचा एखाद-दुसरा जेरीकॅन. हेलिपॅड म्हणजे बर्फ दाबून केलेला ओटा, त्याच्या तिन्ही बाजूंना दरी. तिथे इंजिन बंद करायचं नाही, कारण बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. खाली टेकायचं, जवानांनी डबे ओढून घ्यायचे, पत्रांची पिशवी द्यायची, आजारी कोणी असेल तर त्याला आत कोंबायचं आणि मिनिटाच्या आत निघायचं. सगळं सकाळच्या वेळात, कारण दुपार झाली की वारे सुटतात आणि तापमान चढलं की उरलीसुरली ताकदही जाते. याच जातीचं हेलिकॉप्टर नोव्हेंबर 2004 मध्ये लडाखमधल्या सासेर कांगरी पर्वतावर विक्रमी उंचीवर उतरवलं गेलं होतं.

हे वाचून छाती फुगते. फुगावीच. पण यातला धाडसाचा भाग बाजूला ठेवून जरा त्यामागची व्यवस्था पाहा. नवा वैमानिक तिथे आला की त्याला लगेच हेलिकॉप्टर हाती मिळत नाही. आधी तो जुन्या माणसाच्या शेजारी बसून एकेका चौकीवर जातो, एकेक वळण, एकेक वारा पाठ करतो. मग कोणीतरी त्याला तपासतो आणि मगच तो कॅप्टन होतो. हेलिकॉप्टरं जोडीने जातात, एकाचं काही झालं तर दुसऱ्याने पाहावं म्हणून. आणि प्रत्येक उड्डाणाआधी एका वहीत नोंद होते, तिला ऑथरायझेशन बुक म्हणतात. कोण जाणार, कुठे, कशासाठी, आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याची सही. परत आल्यावर वैमानिक त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात लिहितो : डी.सी.ओ. किंवा डी.एन.सी.ओ. म्हणजे सोपवलेलं काम झालं, किंवा झालं नाही.

नाशिकला आमच्या कॉलनीत एक निवृत्त कर्नल राहतात. लष्कराच्या वैमानिकांची शाळा गांधीनगरला, त्यामुळे शहरात असे बरेच जण. एकदा बोलता बोलता मी त्यांना विचारलं, "सर, डी.एन.सी.ओ. लिहिताना वाईट नाही वाटायचं? कमीपणा?"

"सुरुवातीला वाटायचं," ते म्हणाले. "मग एकदा मी खिंडीतून परत फिरलो, ढग खाली आले होते. वहीत लिहिलं. सीओंनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, पाहिलं, विचारलं, वारा कुठून होता. मी सांगितलं. म्हणाले, चल, नाश्ता कर. संपलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो."

आणि मग थोडं थांबून, "तिकडे बाहेर आल्यावर असा नाश्ता कोणी दिला नाही बघा."

ते काही वर्षं खासगी कंपनीत उडत होते. याहून जास्त ते बोलले नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही. पण मला वाटतं, सगळा मुद्दा त्या नाश्त्यात आहे. परत फिरलेल्या वैमानिकाचा त्या दिवशी पगार कापला गेला नाही, कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत, उद्या दुसऱ्याला बोलावू असं कोणी म्हटलं नाही. नाही म्हणण्याची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही, ती संस्थेने भरली. माणूस शहाणपणाने वागावा असं वाटत असेल तर त्या शहाणपणाचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. सैन्यात तो देश उचलतो.

आता हा माणूस बाहेर पडतो. कोणी कमी मुदतीच्या कमिशनवर आलेला असतो, तो तिशीच्या मध्यातच मोकळा होतो. कोणी वीस वर्षांनी पेन्शन पक्की करून निघतो, कोणी पन्नाशीत. घरी मुलांची शिक्षणं असतात, घराचा हप्ता असतो. उडणं सोडून त्याला दुसरं काही येत नाही असं नाही, पण उडण्याइतकं दुसरं काही येत नाही. नागरी परवान्याचे पेपर द्यायचे, वैद्यकीय तपासणी, नव्या जातीच्या हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण, आणि मग नोकरी. आपल्या देशातला खासगी हेलिकॉप्टर धंदा मोठ्या प्रमाणात याच माणसांनी उभा केला. 1997 मध्ये बंगळुरूत डेक्कन एव्हिएशन सुरू झाली ती माजी लष्करी अधिकारी कॅप्टन गोपीनाथ आणि त्यांचे लष्करातले हेलिकॉप्टर वैमानिक मित्र कॅप्टन सॅम्युअल यांच्याकडून. तेव्हापासून वाट मळलेली आहे. जुहूहून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे, कटऱ्याहून वैष्णोदेवीला, अमरनाथला, केदारनाथला, आणि निवडणूक लागली की पुढाऱ्यांच्या सभांना.

केदारनाथचं गणित बघा. मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर. खाली फाटा, सिरसी, गुप्तकाशी इथली हेलिपॅडं. मधली दरी अरुंद आणि वळणाची. फेरी आठ-दहा मिनिटांची. हेलिकॉप्टर एका इंजिनाचं, वैमानिक एकटा. बाजूला कोणी को-पायलट नाही, कारण ती जागा तिकिटाची आहे. हंगाम मोजक्या महिन्यांचा, त्यातला पावसाळा वजा. कंपनीचं उत्पन्न फेरीवर. फेरी झाली तर पैसे, नाही झाली तर परतावा आणि खाली रांगेत उभ्या शेकडो यात्रेकरूंची आरडाओरड. अशा ठिकाणी ढग उतरायला लागलेत असं वाटून एखादा वैमानिक थांबला आणि शेजारच्या कंपनीचं हेलिकॉप्टर त्याच्या डोळ्यांदेखत उडालं, तर तो काय करील? आणि त्याचा मालक काय म्हणेल? कागदावर निर्णय वैमानिकाचाच असतो. नियम तसंच सांगतात. पण परत फिरणं हा जिथे तोट्याचा व्यवहार आहे, तिथे तो हक्क फक्त नियमाच्या पुस्तकात राहतो.

2025 च्या हंगामात 8 मे ते 15 जून एवढ्या अवधीत चारधाम मार्गावर हेलिकॉप्टरच्या पाच दुर्घटना झाल्या. उत्तरकाशीजवळ सहा जण गेले. एक हेलिकॉप्टर गुप्तकाशीजवळ रस्त्यावरच उतरवावं लागलं. ऋषीकेशच्या एम्सची हवाई रुग्णवाहिका केदारनाथला उतरताना शेपूट मोडून पडली, नशिबाने कोणाला लागलं नाही. आणि मग गौरीकुंड. त्या दिवशी ठरलेली पहिली वेळ सहाची असताना उड्डाण त्याआधीच झालं, असं पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यात म्हटलं आहे. त्याच सकाळी खराब हवेत उडाल्याबद्दल दुसऱ्या एका कंपनीच्या दोन वैमानिकांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. शिक्षा कोणाला झाली ते पाहा. परवाना वैमानिकाचा गेला. फेरीमागे पैसे देणारी पद्धत होती तिथेच राहिली. पुढे फेऱ्यांची संख्या कमी केली, हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा बसवण्याचं ठरलं. चांगलं झालं. पण विक्रेत्याला विक्री थांबवण्याचा अधिकार देऊन विक्री थांबत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. मुंबई हायला ओएनजीसीची माणसं रोज हेलिकॉप्टरने जातात. तिथे दोन इंजिनं लागतात, दोन वैमानिक लागतात, पाण्यावर तरंगायचे फुगे लागतात, आणि प्रवाशालाही आधी तलावात बुडवून पालथ्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायची तालीम दिली जाते. अशा समुद्री कामाची कंत्राटं साधारण दोन भागांत असतात : हेलिकॉप्टर आणि माणसं तयार ठेवल्याबद्दल महिन्याची ठरीव रक्कम, आणि उडालेल्या तासांचे वेगळे पैसे. म्हणजे वारा फार आहे म्हणून एखादा दिवस बंद ठेवला तर कंपनी बुडत नाही. हे शहाणपण काही आकाशातून पडलेलं नाही. ऑगस्ट 2003 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरीच्या कामगारांचं हेलिकॉप्टर पडलं आणि 27 जण गेले. त्यानंतरही जानेवारी 2018 मध्ये सात आणि जून 2022 मध्ये चार जण याच समुद्रात दगावले, तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण 2022 मध्ये नऊपैकी पाच जण वाचले. गिऱ्हाईक जाणतं असलं, त्याला स्वतःच्या माणसांची किंमत कळत असली, तर वैमानिकाच्या नकाराला थोडी तरी पाठ मिळते. केदारनाथच्या यात्रेकरूला आपल्या हेलिकॉप्टरला इंजिनं किती हे माहीत नसतं आणि ते त्याने विचारावं अशी अपेक्षाही चूक आहे.

इथे कोणी म्हणेल, सैन्यात काय सगळं सोन्यासारखं आहे? नाही. 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ हवाई दलाचं एमआय-17 कोसळलं, जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जण गेले. दरीत अचानक हवा बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाचं दिशाभान हरपलं, असं हवाई दलाच्या चौकशीने सांगितलं. यंत्र चांगलं, माणूस निष्णात, संस्था पाठीशी, तरीही झालं. डोंगर कोणाचा गणवेश पाहत नाही. आणि चीता हेलिकॉप्टरांची कथा तर संस्थेने पाठ दाखवल्याचीच आहे. त्यांच्या जागी नवी 197 हेलिकॉप्टरं घ्यायची निविदा 2007 मध्ये रद्द झाली, पुन्हा काढली, ती 2014 मध्ये रद्द झाली. मग रशियाबरोबर दुसऱ्या हेलिकॉप्टरचा करार झाला, तो रेंगाळत राहिला. स्वदेशी हलकं हेलिकॉप्टर 2016 मध्ये पहिल्यांदा उडालं खरं, पण जुन्यांची सुट्टी काही झाली नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये बरेलीला चीता कोसळून लष्कराचे तीन अधिकारी गेले, तेव्हा शेवटी वैमानिकांच्या बायका पुढे आल्या. त्यांनी गट केला आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटून ही हेलिकॉप्टरं बंद करा अशी मागणी केली. नवरे गणवेशात, त्यांना जाहीर बोलता येत नाही, म्हणून बायका बोलल्या.

मला ही गोष्ट फार बोचते. सेवेत असताना वैमानिक आजच्या उड्डाणाला नाही म्हणू शकतो, पण यंत्राला नाही म्हणू शकत नाही. निवृत्त झाला की यंत्राबद्दल बोलायला तोंड मोकळं होतं, पण तोवर तो कोणाच्या तरी पगारावर असतो आणि आजच्या उड्डाणालाही नाही म्हणणं अवघड होऊन बसतं.

आणखी एक गोष्ट निवृत्त वैमानिकांच्याच बाबतीतली, त्यांना कदाचित आवडणार नाही अशी. दिलेलं काम पार पाडायचंच, हे त्यांच्यात मुरवलेलं असतं. चौकीवर रक्ताळलेला जवान पडलेला असताना ते मुरलेलं असणं आवश्यकच आहे. पण देवदर्शनाला निघालेलं कुटुंब ही मोहीम नव्हे. उद्या गेले तरी देव तिथेच आहे. युनिटमध्ये या जिद्दीला आवर घालायला फ्लाइट कमांडर असतो, हवामानाचा अधिकारी असतो, ती वही असते. बाहेर जिद्द तेवढी बरोबर येते आणि आवर घालणारे मागे राहतात. म्हणून नागरी परवाना देताना कायद्याचे पेपर घेण्याबरोबर या बदललेल्या कामाची, बदललेल्या जोखमीची वेगळी तयारी करून घ्यायला हवी.

इतरांनी काय केलं? अमेरिकेत व्हिएतनाममधून परतलेल्या हेलिकॉप्टर वैमानिकांची मोठी फळी होती. 1972 मध्ये डेन्व्हरच्या एका रुग्णालयाने स्वतःचं हेलिकॉप्टर ठेवून रुग्णसेवा सुरू केली आणि ती कल्पना देशभर पसरली. पुढे त्यात धंदा शिरला, एकाच भागात तीन-तीन कंपन्या झाल्या, आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. हवा खराब आहे म्हणून एका कंपनीने नकार दिला की फोन करणारा दुसऱ्या कंपनीला विचारायचा, पहिलीने का नाकारलं ते न सांगताच. 2008 हे वर्ष त्या सेवेला इतकं वाईट गेलं की त्यांच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला पुढच्या वर्षी जाहीर सुनावणी घ्यावी लागली. त्यातूनच आणि आधीच्याही अनुभवातून काही चांगल्या रीती रुजल्या. एक तर मला फार आवडते : वैमानिकाला रुग्णाबद्दल काहीच सांगायचं नाही. मूल आहे की म्हातारं, वाचेल की जाईल, काही नाही. त्याला फक्त जागा सांगायची आणि विचारायचं, जाता येईल का? लहान मूल तडफडतंय हे कळलं की माणूस ढगातही शिरतो, म्हणून ही आडकाठी. याला मी माणुसकी म्हणेन.

ब्रिटनमध्ये समुद्रात आणि डोंगरात अडकलेल्यांना सोडवण्याचं काम कित्येक दशकं हवाई दल आणि नौदल करत असे. 2015 च्या सुमारास ते त्यांनी तटरक्षक यंत्रणेकडे आणि तिच्या कंत्राटदाराकडे सोपवलं, आणि सैन्यातले बरेच वैमानिक नव्या सेवेत गेले. काम तेच, समुद्र तोच, गणवेश बदलला. कंत्राट सरकारचं आणि दीर्घ मुदतीचं. राजपुत्र विल्यम हवाई दलात असताना वेल्समधल्या अशाच तळावर बचाव हेलिकॉप्टर चालवत होते. सैन्य सोडल्यावर 2015 ते 2017 ते ईस्ट अँग्लियाच्या हवाई रुग्णवाहिकेवर वैमानिक होते. राजघराण्याचं कौतुक मला नाही, पण सैन्यातून सुटलेल्या हेलिकॉप्टर वैमानिकाने पुढे काय करावं याचं तिथल्या समाजाच्या डोक्यात एक तयार उत्तर होतं, ते त्यात दिसतं. आपल्याकडे तयार उत्तर आहे चार्टर, म्हणजे खासगी कंपनीची भाड्याची उड्डाणं.

आता महाराष्ट्र. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वाडीला गाडीरस्ता नाही, बचावाची माणसं चिखलातून चढून गेली. दोन हेलिकॉप्टरं तयार आहेत पण हवेमुळे उडू शकत नाहीत, असं तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं. लोकांनी सरकारला नावं ठेवली. मला मात्र त्या न उडालेल्या हेलिकॉप्टरांबद्दल आदर वाटला, आणि त्याचबरोबर प्रश्नही पडला. पाऊस उघडल्यावर, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, अशा डोंगरकपारीत उतरण्याचा सराव असलेली, त्या भागातली प्रत्येक वाडी आणि प्रत्येक वीजतार ठाऊक असलेली माणसं राज्याकडे स्वतःची आहेत का? दर वेळी नौदल आणि हवाई दलाकडे मागायचं. ते येतात, उत्तम काम करतात, पण त्यांचं मुख्य काम वेगळं आहे आणि सह्याद्रीचा पावसाळा त्यांच्या रोजच्या पाठातला नाही.

गडचिरोलीत थोडंसं याचं रूप दिसतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे नक्षलविरोधी कामासाठी ठेवलेल्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरने अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात पोहोचवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बातमीत ते चमत्कारासारखं छापतात. चमत्कार कसला? हेलिकॉप्टर तिथे तयार उभं होतं, त्याचे पैसे आधीच भरलेले होते, आणि जायचं की नाही हे हवा पाहून ठरवता येत होतं. हीच रचना धडगाव-अक्कलकुव्याला, मेळघाटला, कोकणच्या घाटांना का नको?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. हेलिकॉप्टर महाग आहे, तासाचा हिशोब लाखांत जातो, आणि त्या पैशांत तालुक्याला साध्या रुग्णवाहिका किती येतील असं विचारणारा माणूस मूर्ख नाही. 108 ची गाडी जिथे वेळेत पोहोचते तिथे हेलिकॉप्टर ही चैनच आहे. पण जिथे रस्ता वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो तिथे तुलना गाडीशी करता येत नाही. स्वित्झर्लंडमधली रेगा ही बचाव संस्था 1952 पासून चालू आहे. तिला मुख्यतः पैसा देतात ते वार्षिक वर्गणी भरणारे लाखो सामान्य लोक. आपल्याकडे वर्गणीचं नाव काढलं की गणपती आठवतो, तेव्हा तेही अगदीच अशक्य नसावं. आणि एक साधा हिशोब : आपल्या राज्यात हेलिकॉप्टरला पैसा नाही असं म्हणणाऱ्याने निवडणुकीचा एक महिना डोळे वर करून पाहावं. मे 2024 मध्ये महाडला सभेसाठी नेत्याला न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कलंडलं, वैमानिक कसाबसा वाचला. 2017 मध्ये निलंग्याला मुख्यमंत्री फडणवीस बसलेलं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं, सगळे थोडक्यात बचावले. शेतात, शाळेच्या मैदानावर, चुन्याने गोल आखून केलेली ती हेलिपॅडं, भोवती गर्दी, धूळ, तारा. पुढच्या सभेची वेळ झालेली असते. तिथे वैमानिक साहेबांना म्हणणार का, की सर, आज नको?

मी सुचवतो आहे ते फार मोठं नाही. राज्याने पाच-सहा हेलिकॉप्टरांची एक सेवा उभारावी, दोन इंजिनांची, दोन वैमानिकांची. त्यात सैन्यातून निवृत्त झालेल्यांना प्राधान्य द्यावं आणि त्यांतल्याच ज्येष्ठांपैकी एकाला परवानगी देणारा अधिकारी नेमावं, ज्याच्यावर ना कंपनीचा हुकूम चालेल ना जिल्हाधिकाऱ्याचा. ती वही परत सुरू करावी, आणि डी.एन.सी.ओ. लिहिलेल्या ओळी वर्षाअखेरी जाहीर कराव्यात. वर्षभरात एकही नसेल तर चौकशी करावी. खासगी कंपनीकडून हेलिकॉप्टरं भाड्याने घ्यायची असतील तर जरूर घ्या, पण पैसे तयार राहण्याचे द्या. खासगी धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. पण समोर एक चांगली सरकारी नोकरी उभी असली की बाजारातल्या वैमानिकालाही मालकाला सांगता येईल, की मी चाललो.

याची सुरुवात नाशिकपासूनच करता येईल. 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते, घाट, तंबू. प्रयागराजला कुंभात वरून दर्शन घडवणाऱ्या हेलिकॉप्टर फेऱ्यांची तिकिटं विकली गेली, नाशिक-त्र्यंबकेश्वरलाही तशा निविदा निघतील, कारण अंजनेरी आणि ब्रह्मगिरी वरून पाहायला कोणाला आवडणार नाही? ऑगस्टमधला ब्रह्मगिरी ज्याने पाहिलाय त्याला माहीत आहे की तो दिवसातले कितीतरी तास ढगातच असतो. त्या निविदेत एक कलम आत्ताच घालायला हवं : हवेमुळे रद्द झालेल्या प्रत्येक फेरीचं भाडं कंपनीला मेळा प्राधिकरण देईल, प्रवाशाला त्याचे पैसे पूर्ण परत मिळतील, आणि फेरी रद्द करण्याचं कारण वैमानिकाला कोणी विचारायचं नाही. एवढ्या मोठ्या मेळ्याच्या खर्चात ही रक्कम कुठे पडली ते शोधूनही सापडणार नाही.